डोळ्याला लागलं, डोळे आले : पहिल्या काही तासांत काय करावं, काय टाळावं

साखरखेर्डा आणि आसपासच्या गावांमध्ये सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की हडंब्यातून उडणारं कुटार सगळीकडे असतं. त्यानंतर कापूस वेचणी येते, मग तुरीची कापणी. पावसाळ्यात फवारणी असते. वर्षभर वेल्डिंगची दुकानं, गॅरेज, बांधकाम आणि पिंजाऱ्याचं काम चालू असतं. आपल्या समाजातली बरीच घरं याच कामांवर चालतात आणि या प्रत्येक कामात डोळ्याला धोका आहे. पण डोळ्यात काही गेलं की आपण काय करतो? कोणी पदराच्या टोकाने काढतो, कोणी जिभेने. कोणी दूध घालतो, कोणी मध. नाहीच बरं वाटलं तर मेडिकलवर जाऊन "डोळ्याचा ड्रॉप द्या" म्हणतो. तीन-चार दिवस निघून जातात आणि तोवर डोळ्यात फूल पडलेलं असतं.

आम्ही डॉक्टर नाही, शिक्षक आहोत. पण वर्गात लाल डोळ्यांची मुलं रोज समोर असतात आणि पालक आधी आम्हालाच विचारतात. म्हणून डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत घरी काय करायचं, काय करायचं नाही आणि कोणत्या खुणा दिसल्या की एक तासही थांबायचं नाही, एवढं इथे सोप्या भाषेत मांडतो.

डोळे येणे : बुलढाण्याचा अनुभव

जुलै-ऑगस्ट २०२३ मध्ये महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली होती, हे सगळ्यांना आठवत असेल. राज्याच्या आरोग्य विभागाने ऑगस्टच्या सुरुवातीला दिलेल्या आकडेवारीत सर्वाधिक रुग्ण आपल्या बुलढाणा जिल्ह्यात होते, १३ हजारांच्या वर. ही फक्त सरकारी दवाखान्यात नोंद झालेली संख्या. घरीच बसून राहिलेले वेगळेच.

डोळे येण्याचे मुख्य तीन प्रकार आहेत आणि तिघांचा इलाज वेगळा आहे.

पहिला प्रकार विषाणूचा. साथीत बहुतेक हाच असतो. डोळा लाल होतो, पातळ पाणी येतं, खुपतं, पापण्या सुजतात. आधी एका डोळ्याला होतं, एक-दोन दिवसांत दुसऱ्याला. सोबत सर्दी, घसा दुखणं असू शकतं. हा आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप बरा होतो. अँटिबायोटिक ड्रॉपने विषाणू मरत नाही. उकळून थंड केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस भिजवून डोळे पुसणं, थंड पट्टी ठेवणं, आराम करणं, एवढंच बहुतेकांना पुरतं.

दुसरा जिवाणूचा. यात घट्ट पिवळा-हिरवा पू येतो आणि सकाळी पापण्या चिकटून बसतात. याला डॉक्टरांनी लिहून दिलेला अँटिबायोटिक ड्रॉप किंवा मलम लागतं. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करायचं नाही.

तिसरा ॲलर्जीचा. दोन्ही डोळ्यांना प्रचंड खाज, मूल सारखं डोळे चोळतं, तारेसारखा चिकट स्राव येतो, दरवर्षी ठरावीक मोसमात त्रास होतो. हा एकापासून दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे अशा मुलाला शाळेतून घरी पाठवायची गरज नाही. पण खाज थांबावी म्हणून घरच्या घरी महिनोन्‌महिने ड्रॉप घालत राहणं धोक्याचं आहे. त्याचं कारण पुढे येईल.

साथीच्या काळात एक समजूत ऐकू येते, की डोळे आलेल्या माणसाच्या डोळ्यात पाहिलं की आपले डोळे येतात. तसं होत नाही. बघून नाही, हाताने पसरतं. रुग्ण डोळा चोळतो, तोच हात दाराच्या कडीला, मोबाईलला, टॉवेलला लागतो आणि तिथून दुसऱ्याच्या हाताला. काळा चष्मा लावल्याने उजेड टोचत नाही आणि हात डोळ्याकडे जात नाही, एवढाच त्याचा फायदा.

आपल्या घरांत आणि मशिदींत काही गोष्टी खास सांभाळाव्या लागतील. वुजूनंतर तोंड पुसायला टांगलेला एकच टॉवेल साथीत काढून टाकावा. ज्याचे डोळे आले आहेत त्याने हौदाऐवजी नळाच्या वाहत्या पाण्यावर वुजू करावा आणि आपला रुमाल आपल्याजवळ ठेवावा. घरात एकच सुरमेदानी आणि एकच सलाई सगळ्यांना फिरते, ते तर साथ नसतानाही बंद व्हायला हवं. ईदच्या दिवशी डोळे आलेले असतील तर मुसाफा आणि गळाभेट न घेता सलाम केला तरी कोणी वाईट वाटून घेऊ नये. डोळ्यातून पाणी किंवा पू येतोय तोवर मुलांना शाळेत, मदरशात, ट्यूशनला पाठवू नका. हजेरी बुडाली तरी चालेल. एका मुलामुळे अख्खा वर्ग आठवडाभर घरी बसतो, त्यात जास्त नुकसान आहे.

कुटार, काडी, पान लागणे : इथे घड्याळ बघायचं

डोळ्याचा काळा भाग, ज्याला आपण बुबुळ म्हणतो, त्याच्यावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. त्याला कॉर्निया म्हणतात. सोयाबीनचं कुटार, तुरीची काडी, पऱ्हाटीचं टोक किंवा गवताचं पातं लागलं की या पडद्यावर ओरखडा पडतो. ओरखडा स्वतःहून भरून येऊ शकतो. पण काडीसोबत माती, बुरशी, जंतू आत गेले तर ती जागा चिघळते, तिथे पांढरा ठिपका दिसू लागतो आणि पुढे कायमचं फूल पडतं. फूल मधोमध पडलं तर त्या डोळ्याने दिसणं जवळपास बंद होतं आणि मग नेत्ररोपणाशिवाय मार्ग उरत नाही.

इथे वेळेचं महत्त्व किती आहे, ते नेपाळमधल्या एका अभ्यासातून कळतं. काठमांडूजवळच्या भक्तपूर जिल्ह्यात गावातल्याच आरोग्य स्वयंसेवकांना शिकवून तयार केलं गेलं. शेतात डोळ्याला लागलं की लोकांनी लगेच त्यांच्याकडे जायचं, त्यांनी तपासून ओरखडा असेल तर तीन दिवस अँटिबायोटिक मलम लावायचं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, लागल्यापासून १८ तासांच्या आत जे आले त्यांच्यापैकी एकाचाही डोळा चिघळला नाही. जे एक दिवस उलटून, म्हणजे २४ ते ४८ तासांत आले, त्यांच्यातल्या चौथ्या हिश्श्याहून जास्त लोकांचा डोळा चिघळला. मलम साधंच होतं. फरक पडला तो तासांमुळे.

आपल्याकडे नेमका याच तासांत उशीर होतो. सोंगणीला जास्त करून बायका असतात. दुपारी डोळ्यात काडी लागते, संध्याकाळी स्वयंपाक असतो, नवरा कामावरून रात्री येतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा मजुरी बुडवता येत नाही. "बघू उद्या" म्हणता म्हणता तिसरा दिवस येतो. घरातल्या पुरुषांना आमची विनंती आहे, की बायको, बहीण, अम्मी यांनी "डोळ्यात काहीतरी खुपतंय" म्हटलं तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. एका दिवसाची मजुरी कितीही मोठी वाटली तरी डोळ्यापुढे ती काहीच नाही.

घरी काय करायचं?

- हात साबणाने धुवा. डोळा चोळू नका.
- स्वच्छ पाण्याने डोळा धुवा, पापण्या उघडझाप करा. धूळ, कचरा बहुतेक वेळा एवढ्यानेच निघतो.
- कचरा पांढऱ्या भागावर किंवा खालच्या पापणीच्या आत दिसत असेल तर स्वच्छ ओल्या कापडाच्या टोकाने हळूच उचला. बुबुळावर असेल तर हात लावू नका.
- जीभ, काडेपेटीची काडी, सुई, केस काढायचा चिमटा, काहीही डोळ्याजवळ नेऊ नका. जिभेने काढण्यात तोंडातले जंतू थेट ओरखड्यात जातात.
- कचरा निघूनही खुपणं थांबलं नाही तर ओरखडा आहे असं समजा आणि दवाखाना गाठा. डॉक्टर पिवळ्या-केशरी रंगाची एक पट्टी डोळ्याला लावतात. निळ्या उजेडात ओरखडा हिरवा चमकतो. दुखत नाही, दोन मिनिटांचं काम आहे.

मेडिकलवरून आणलेला ड्रॉप

हा भाग प्रत्येकाने नीट वाचावा. लाली पटकन घालवणाऱ्या अनेक ड्रॉपमध्ये स्टिरॉइड असतं. बाटलीवर डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन असं काही लिहिलेलं असेल तर ते स्टिरॉइड आहे. बऱ्याच ड्रॉपमध्ये अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड दोन्ही मिसळलेलं असतं. डॉक्टर तपासून देतात तेव्हा ते उपयोगीच असतं. पण डोळ्याला काडी लागली असेल आणि आत बुरशी गेली असेल तर स्टिरॉइडने लाली कमी होते, दुखणं थोडं कमी वाटतं आणि आत बुरशी मोकळी वाढत जाते. माणसाला वाटतं, फरक पडतोय. आठ दिवसांनी डोळा पांढरा होतो.

ॲलर्जीच्या मुलांमध्ये धोका वेगळा आहे. खाज थांबते म्हणून तोच ड्रॉप वर्षभर घातला जातो. त्याने डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.

म्हणून तीन नियम पाळा. शेजाऱ्याचा ड्रॉप आपल्याला नाही. मागच्या वर्षीचा उरलेला ड्रॉप यंदा नाही, बाटली उघडल्यावर साधारण महिनाभराने टाकून द्यायची. आणि चिठ्ठीशिवाय स्टिरॉइड नाही.

चुना, ॲसिड, फवारणीचं औषध : आधी पाणी, मग दवाखाना

डोळ्यात रसायन गेलं तर दवाखान्यात धावण्याआधी, कोणाला विचारण्याआधी, त्याच जागी डोळा धुवायला सुरुवात करायची. नळ, हंडा, कळशी, बाटली, जे पाणी जवळ असेल ते. फिल्टरचं पाणी शोधत बसू नका.

सगळ्यात वाईट चुना. लोकांना ॲसिड जास्त घातक वाटतं, पण चुन्यासारखे क्षार डोळ्याच्या आत खोलवर मुरत जातात आणि तासन्‌तास जाळत राहतात. तंबाखूसोबत मिळणारी चुन्याची ट्यूब किंवा पुडी लहान मुलं दाबून खेळतात, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. दादा-अब्बांच्या खिशातली ती ट्यूब मुलांच्या हाती लागणार नाही, एवढी काळजी घरोघरी घेतली तर काही मुलांचे डोळे वाचतील. घराला चुना लावताना आणि सिमेंट कालवतानाही हाच धोका.

धुण्याची पद्धत अशी. ज्या डोळ्यात गेलं ती बाजू खाली करून मान तिरकी करा, म्हणजे पाणी चांगल्या डोळ्यात जाणार नाही. दुसऱ्या माणसाने पापण्या बोटांनी उघड्या धराव्यात, मूल रडलं तरी. कमीत कमी अर्धा तास सतत पाणी सोडा. पापणीच्या आत चुन्याचे कण अडकले असतील तर ओल्या कापसाने काढा. लिंबू, दूध, तूप, तेल काहीही घालू नका. नंतर लगेच दवाखान्यात जा आणि शक्य असेल तर वाटेतही पाणी सोडत राहा. फवारणीचं औषध गेलं असेल तर डबा किंवा त्यावरचं लेबल सोबत न्या.

वेल्डिंग आणि ग्राइंडर

वेल्डिंगचा झोत उघड्या डोळ्याने पाहिला तर लगेच काही होत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे बहुतेकदा रात्री झोपेत, डोळ्यात वाळू टाकल्यासारखं होतं, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. डोळ्याच्या पडद्याला उन्हाचा चटका बसावा तसा हा प्रकार आहे. थंड पट्टी, अंधारी खोली आणि आराम यांनी बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत बरं होतं. तरी तपासून घ्यावं. काही कारागीर डोळा बधिर करणारा ड्रॉप मिळवून पुन्हा पुन्हा घालतात. तो तपासणीपुरताच असतो. वारंवार घातला तर पडदा भरून येत नाही, उलट झिजतो.

ग्राइंडरचा लोखंडी कण बुबुळात रुतला तर तिथे गंज चढतो. तो डॉक्टरांनीच काढायचा. दुकानात दुसऱ्या कारागिराकडून चुंबकाने किंवा सुईने काढून घेण्याची सवय सोडायला हवी. हातोडी-छिन्नीचं काम करताना टक्‌कन काही लागलं आणि नजर अंधुक झाली तर कण डोळ्याच्या आत शिरलेला असू शकतो, बाहेरून जखम दिसत नसली तरी. संरक्षक चष्मा फार महाग येत नाही. दुकानात शिकायला ठेवलेल्या पोरांना तो उस्तादाने द्यायचा असतो.

चेंडू, विटी, फटाका

डोळ्याला जोरात मार बसला आणि बुबुळासमोर रक्त साचलेलं दिसलं, नजर कमी झाली, एकाचे दोन दिसू लागले, तर मुलाला उशीला टेकवून डोकं वर ठेवा आणि लगेच न्या. ॲस्पिरिन देऊ नका, रक्तस्राव वाढतो.

डोळा फाटला असेल किंवा काटा, तार, बाण रुतलेला असेल तर तो उपटू नका, डोळा धुऊ नका, दाबून पट्टी बांधू नका. कागदी कप कापून डोळ्यावर झाकणासारखा ठेवा, त्याची कड हाडावर टेकली पाहिजे, डोळ्यावर नाही. शस्त्रक्रिया लागू शकते म्हणून खायला-प्यायला देऊ नका. १०८ ला फोन करा.

रांजणवाडी आणि नवजात बाळ

पापणीवर रांजणवाडी आली तर दिवसातून तीन-चार वेळा, दहा मिनिटं कोमट पट्टी ठेवा. पिळू नका, फोडू नका. आठवड्यात कमी झाली नाही, पूर्ण पापणी सुजली किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा.

जन्मानंतर पहिल्या महिन्यात बाळाच्या डोळ्याला पू आला, पापण्या सुजल्या तर त्याच दिवशी दवाखाना. काही जंतू एक-दोन दिवसांत नवजात बाळाचं बुबुळ खराब करतात. आईचं दूध, मध, काजळ यातलं काही घालू नका.

गोवर झालेल्या मुलांचे डोळेही जपावे लागतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईतल्या गोवंडीत, मालेगावात आणि भिवंडीत गोवर पसरला होता. गोवरात शरीरातलं अ जीवनसत्त्व घटतं आणि डोळा कोरडा पडून बुबुळ खराब होऊ शकतं. लस वेळेवर द्या, आणि गोवर झालाच तर डॉक्टर अ जीवनसत्त्वाचे डोस देतात, ते चुकवू नका.

सुरमा आणि रोजा

सुरम्याशी आपलं नातं जुनं आहे. मध्ययुगात अरबी भाषेत डोळ्यांच्या वैद्याला कह्हाल म्हणत, तो शब्दच कुहल म्हणजे सुरम्यावरून आला. दहाव्या-अकराव्या शतकात बगदादच्या अली इब्न ईसा यांनी नेत्ररोगांवर लिहिलेला ग्रंथ कित्येक शतकं शिकवला गेला. पण ते वैद्यही डोळा तपासून मगच औषध ठरवत. आज बाजारात आणि उरुसात मिळणाऱ्या बऱ्याच सुरम्यात शिसं असतं. लहान मुलांच्या मेंदूला शिसं घातक आहे आणि मुलांसाठी शिशाची सुरक्षित मात्रा कुठलीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मूल डोळा चोळून तेच बोट तोंडात घालतं. म्हणून लहान मुलांना सुरमा नको. आणि लाल किंवा जखमी डोळ्यात तर मोठ्यांनीही घालू नये.

रमजानमध्ये काही लोक ड्रॉप घालणं थांबवतात, रोजा तुटेल या भीतीने. हनफी उलेमांच्या मते डोळ्यात औषध घातल्याने रोजा तुटत नाही. तरी मनात शंका असेल तर आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्या, पण विचारेपर्यंत औषध थांबवू नका. बुरशीच्या जखमेत तासातासाला ड्रॉप घालावा लागतो आणि दिवसभराचे डोस चुकले तर डोळा जाऊ शकतो. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुरआनमध्येच आहे. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी वाकायला किंवा पाणी लावायला मनाई केली असेल तर इशाऱ्याने नमाज, पट्टीवरून मसह या सवलतीही शरीयतमध्ये आहेत. त्यामुळे नमाज-रोजाचं कारण सांगून इलाज टाळायची वेळ येत नाही.

कुठे जायचं

पहिली पायरी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र. त्यापुढे ग्रामीण रुग्णालय, तिथे नेत्रचिकित्सा अधिकारी कोणत्या दिवशी असतात ते आधीच विचारून ठेवा. गंभीर असेल तर बुलढाण्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय, अकोल्याचं किंवा छत्रपती संभाजीनगरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. जालन्याचं गणपती नेत्रालय आपल्या भागातल्या अनेकांना माहीत आहे. आधार आणि रेशन कार्ड एका पिशवीत तयार ठेवा, सरकारी योजनेसाठी लागतं.

आणि या खुणांपैकी एक जरी दिसली तर सकाळची वाट पाहू नका : नजर कमी होणे, तीव्र दुखणे, उजेड अजिबात सहन न होणे, बुबुळावर पांढरा ठिपका, बाहुलीचा आकार बदलणे, डोळ्यात रक्त साचणे, रसायन जाणे, नवजात बाळाच्या डोळ्यात पू. साधे डोळे येण्यात नजर जात नाही आणि फार दुखतही नाही. दुखतंय आणि धूसर दिसतंय, म्हणजे ते फक्त डोळे येणं नाही.

सोंगणी सुरू होण्याआधीच्या एखाद्या जुम्याला, नमाजनंतर दोन मिनिटं ही माहिती सांगितली गेली तर फार बरं होईल. बायका मशिदीत नसतात आणि शेतात जास्त त्याच असतात, म्हणून ऐकणाऱ्याने घरी जाऊन ती जशीच्या तशी सांगावी.